शस्त्र बाळगण्याचं कारण

“घाई नको, आम्हाला वेळच वेळ आहे,” असं तो माणूस म्हणाला आणि माझ्या हातातला चिमटा काचेच्या कपाटावर पडला. रविवारची सकाळ होती. दुकान उघडून अर्धा तासही झाला नव्हता. माणूस पन्नाशीचा, अंगाने भरलेला, दाढी नीट कातरलेली, अंगठी मोठी करून घ्यायला आलेला. बोलणं बगदादचं होतं, पण त्यात नवल काही नाही, अम्मानच्या सोनेबाजारात दिवसाला दहा इराकी येतात आणि अकरावा दुकानात बसलेला असतो. मी त्याला गुरुवारपर्यंत लागेल म्हणालो, त्यावर तो तसं म्हणाला. ‘वेळच’ हा शब्द जरा ओढून, आणि वाक्य संपल्यावर घशात अडकलेलं काहीतरी बाजूला सारल्यासारखा एक बारीक खाकरा. मी चिमटा उचलायला वाकलो आणि गरजेपेक्षा जास्त वेळ वाकून राहिलो. वर आलो तेव्हा तो पावतीसाठी हात पुढे करून उभा होता. नाव विचारलं. म्हणाला, “अबू दुरैद लिहा.” मी लिहिलं. अक्षर माझं नव्हतंच, कुणीतरी डाव्या हाताने लिहिल्यासारखं दिसत होतं. तो गेला आणि मी कपाटामागच्या स्टुलावर बसलो, शेजारच्या दुकानदाराने हाक मारून चहा पाठवू का विचारेपर्यंत बसूनच होतो.

तो आवाज मी एकोणीस वेळा ऐकला आहे. आईच्या लेखी अठरा वेळा. माझ्या मोठ्या भावाला, झहरूनला, बगदादेत भर दुपारी आमच्या दुकानासमोरून उचलून नेलं, त्याला आता सात वर्षं झाली. त्यानंतर तेवीस दिवस फोन येत राहिले आणि ते मी घेत राहिलो, कारण वडील आधीच गेले होते आणि घरात दुसरा पुरुष नव्हता. चेहरा कधी दिसला नाही. चेहरा दिसला असता तर बरं झालं असतं असं मला कित्येकदा वाटतं. चेहऱ्याची भीती असली तर एकच माणूस टाळावा लागतो. आवाज कुठल्याही तोंडातून येऊ शकतो. बसमधला वाहक, भाजीवाला, रेडिओवरचा बातम्या देणारा, ओळ मोडू नका म्हणणारा पोलीस. पहिली दोन वर्षं मी अम्मानमध्ये लोकांची तोंडं बघत नव्हतो, कान टवकारून नुसता ऐकत फिरत होतो. मग हळूहळू सवय झाली, आणि सवय झाली की भीती गेली असं माणूस समजतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझा सात वर्षं पाठीमागे चालत होता, त्या रविवारी तो पुढून, दारातून, अंगठी घेऊन आला. की आलाच नाही? घसा खाकरणारे इराकी काय एकच आहेत? ‘वेळच वेळ आहे’ हे तर आमच्याकडे न्हावीही म्हणतो. दुपारपर्यंत मी स्वतःला हे पन्नास वेळा सांगितलं, आणि प्रत्येक वेळी सांगून झालं की तो खाकरा ऐकू यायचा.

अम्मानमध्ये पिस्तूल मिळवणं अवघड नाही, फक्त मला अवघड आहे. इथल्या माणसाच्या मुलाचा निकाल लागला की गच्चीवरून गोळ्या, साखरपुडा झाला की गोळ्या, मागच्या वर्षी आमच्या गच्चीत वाळत घातलेल्या चादरीला भोक पडलं तेव्हा खालचा शेजारी म्हणाला, “मुबारक असो, कुणाच्या तरी घरी मुलगा झाला!” पण माझ्यासारख्या वर्षावर्षाच्या कागदावर राहणाऱ्याकडे रिकामं काडतूस सापडलं तरी दुसऱ्या दिवशी सरहद्दीपलीकडे. आणि सरहद्दीपलीकडे काय आहे ते मला माहीत आहे. म्हणून सोमवारी सकाळी मी आईला बँकेत जातो असं सांगून परवान्याच्या कचेरीत गेलो. परदेशी रहिवाशांची खिडकी वेगळी होती, जिन्याखाली, संडासाच्या दाराशेजारी. माझ्यापुढे शिकारीच्या बंदुकीसाठी आलेला एक म्हातारा इटालियन आणि कुठल्याशा कंपनीचा पाकिस्तानी पहारेकरी होता. दोघंही निवांत होते. माझ्याच तळहाताला घाम येत होता, तो मी पँटला पुसत होतो, आणि पिस्तूल मागायला आलेल्या माणसाने असा घाम पुसू नये हेही मला कळत होतं.

खिडकीमागचा कारकून जाड चष्म्याचा होता. माझा राहण्याचा परवाना उलटसुलट करून म्हणाला, “एका वर्षाचाच आहे की हा. पिस्तूलही वर्षभरच वापरणार का?” मागे फायली लावत असलेला त्याचा जोडीदार फस्सकन हसला. मीही हसलो. अशा ठिकाणी हसण्यात मी पहिल्यापासून हुशार आहे. मग त्याने बोटांवर मोजून सांगितलं. डॉक्टरचा दाखला, डोकं ठिकाणावर असल्याचा. एक जामीन, इथल्या नागरिकत्वाचा, बाजारात ज्याचा शब्द चालतो असा. आणि मग ठाण्याचा माणूस घरी येऊन चौकशी करून जाईल. अर्जावर त्याने नखाने टकटक केलं. “सातवा रकाना कोरा ठेवलात.”

सातव्या रकान्यात छापलेलं होतं: शस्त्र बाळगण्याचं कारण. पुढे दीड ओळ.

“काय लिहू?” मी विचारलं.

“मला काय विचारता? भीती तुमची की माझी?” मग त्यालाच माझी दया आली असावी. “धंदा काय? सोनार? मग झालं तर. ‘दुकान’ लिहा. सगळे सोनार तेच लिहितात.”

मी ‘दुकान’ लिहिलं. लिहिताना आजोबांची आठवण झाली, अगदी नको त्या वेळी. आम्ही साबियी, ना मुसलमान ना ख्रिस्ती, याह्या पैगंबराच्या वाटेची माणसं, वाहत्या पाण्यात बुडी मारून पांढऱ्या कपड्यात प्रार्थना करणारी. आमच्यात हत्यार धरायचं नाही. मारायला नाही, आणि मरू नये म्हणूनही नाही. आजोबा सांगत की आपल्यातले लोहारसुद्धा खिळे करत, नांगर करत, होडीच्या फळ्यांच्या पट्ट्या करत, पण तलवार करा म्हणून आलेल्या माणसाला पाणी पाजून परत पाठवत. घरात कोंबडी कापायची तरी पांढरे कपडे घातलेला माणूस लागे, त्याच्या मागे खांद्यावर हात ठेवून साक्षीदार उभा राही, आणि कापून झाल्यावर दोघं मिळून त्या कोंबडीसाठी क्षमा मागत. लहानपणी एकदा झहरून कापायला उभा राहिला आणि साक्षीदार म्हणून त्याने मला मागे उभं केलं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि डोळे मिटून घेतले. “साक्षीदाराने डोळे मिटले तर ती क्षमा होत नाही, नशात,” तो मागे न बघताच माझं नाव घेऊन म्हणाला होता. मागे न बघता त्याला कसं कळलं कोण जाणे.

मंगळवारी डॉक्टर. त्याच्या टेबलावर सोललेलं संत्रं होतं आणि त्याला ते माझ्यासमोर खाता येत नव्हतं, म्हणून तो घाईत होता. झोप लागते का? लागते. कुणाचे आवाज ऐकू येतात का? हा प्रश्न त्याने कागदाकडे बघत विचारला, नाहीतर माझा चेहरा बघून त्याने पेन खाली ठेवलं असतं. मी नाही म्हणालो. कशाची भीती वाटते का? “कुणाला वाटत नाही, डॉक्टरसाहेब?” मी म्हणालो. तो हसला, शिक्का मारला, आणि मी दाराबाहेर पडायच्या आत संत्र्याची फोड तोंडात टाकली. म्हणजे मी कागदोपत्री धडधाकट झालो. पायऱ्या उतरताना माझ्या मागे कुणीतरी खाकरलं आणि मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. शाळेची बाई होती, हातात वह्या. तिने मला वेड्याकडे बघतात तसं बघून घाईने ओलांडलं. तिच्याकडे शिक्का नव्हता, पण निदान बरोबर होतं.

जामीन म्हणून माझ्या डोळ्यापुढे एकच माणूस होता, अबू मुफ्लिह. माझ्या दुकानाची जागा त्याची. तो स्वतः पलीकडच्या गल्लीत मसाले विकतो, मूळचा दक्षिणेतल्या करक गावचा, मोठ्या टोळीतला, पाच मुलगे, त्याच्या मिशीला अजून बाजार मान देतो. बुधवारी दुपारी मी त्याच्या घरी गेलो. दिवाणखान्यात गाद्या होत्या, हवेतही वेलदोड्याचा वास होता, आणि त्याने स्वतःच्या हाताने त्या बिनकानाच्या इवल्याशा वाटीत कडू कॉफी ओतून माझ्या हातात दिली. माझ्या घशाला सकाळपासून कोरड पडली होती. मी ती एका घोटात पिऊन टाकली आणि म्हणालो, “काका, एका कामासाठी आलोय.”

अबू मुफ्लिह आधी माझ्याकडे बघतच राहिला आणि मग मांडीवर थाप मारून इतका हसला की आतून बायकोने काय झालं म्हणून विचारलं. “अरे सोनारा! पिऊन टाकलीस? सात वर्षं आमच्यात राहिलास आणि हे नाही शिकलास? मागणं घेऊन आलेल्या माणसाने वाटी पुढ्यात ठेवायची. तशीच. गार होऊ दे. यजमान म्हणतो, कॉफी घ्या. पाहुणा म्हणतो, मागणं मान्य झालं तर घेईन. मग यजमानाची अडचण! न पिता पाहुणा उठला तर घराची अब्रू जाते. मुलगी मागायची तरी तसंच, खून माफ करून घ्यायचा तरी तसंच. तू पिऊन बसलास. आता तुझं मागणं गेलं तुझ्या पोटात, मी काही देणं लागत नाही.”

मी हातातल्या रिकाम्या वाटीकडे बघितलं. दुकानात ग्राहकाने दागिना परत केल्यावर जसं वाटतं तसं वाटलं. “मग आता?”

“आता काही नाही. पाहुण्यासारखा बोल. काय हवंय?”

मी कागद काढला. त्याने तो हात लांब धरून वाचला, हसणं मिशीत हळूहळू जिरत गेलं. “कशासाठी?”

“दुकानासाठी.”

“दुकानाला भीती वाटत नसते, नशात. माणसाला वाटते. कोण आहे?”

“कुणी नाही, काका. काळ वाईट आहे.”

“काळाला गोळी लागत नाही.” त्याने कागद गादीवर ठेवला आणि मिशीवरून हात फिरवला. “नीट ऐक. सही मी करतो. तू सात वर्षांत भाडं चुकवलं नाहीस की कधी आवाज चढवला नाहीस. पण जामीन म्हणजे कचेरीला काय वाटतं ते सोड, आमच्यात काय आहे ते सांगतो. तू झाडलेली गोळी मी झाडलेली. तू कुणाला मारलंस तर त्याची माणसं तुझ्या घरी येणार नाहीत, माझ्या घरी येतील. माझे पाच मुलगे, त्यांची पोरं, सगळ्यांना घरदार सोडून दुसऱ्या टोळीच्या आसऱ्याला जावं लागेल, कदाचित वर्षभर, कदाचित कायमचं. तू लक्षात ठेवून घोडा ओढ, एवढंच.” आणि त्याने सही केली. वळणदार, ठसठशीत, नातवाकडून शाईची डबी आणवून वर अंगठ्याचा ठसाही दिला, कारण त्याचा स्वतःच्या सहीवर विश्वास नव्हता. मी त्याचे आभार मानले. बाहेर पडलो तेव्हा कागद खिशात होता आणि त्या कागदात पाच घरं होती. पिस्तूल अजून हाती आलं नव्हतं आणि घाबरायला मला पाच घरं जास्तीची मिळाली होती.

गुरुवारी तो आला. सकाळपासून मी त्याची अंगठी चार वेळा पुसली होती. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मी ठरवलं होतं की त्याला बोलतं करायचं, तेच वाक्य त्याच्या तोंडून पुन्हा काढायचं, म्हणजे एकदाचा काय तो निकाल लागेल. तो आत आला तो शिंकत. सर्दी झाली होती, आवाज नाकात बसला होता. मी म्हणालो, “बसा ना, काही घाई आहे का?” तो म्हणाला, “घाई म्हणजे! गाडी भलत्याच जागी लावलीय, पोलीस येऊन दंड मारेल.” त्याने अंगठी घातली, बोट वाकवून बघितलं, झकास म्हणाला. हा तो नव्हे, सरळ साधा गाडीची काळजी करणारा माणूस आहे, असं मी स्वतःला सांगतोय तोच तो दाराशी थांबून वळला. “एक विचारायचं होतं. मुलीचं लग्न काढलंय, बांगड्या करायच्या आहेत. बायकोचे गुडघे दुखतात, तिला इथल्या चढावावर आणवत नाही. तुम्हीच या की घरी. नमुने घेऊन. आईलाही आणा, तिला आपल्याकडचं कुणी भेटलं की बरं वाटतं.”

“माझी आई?” मी म्हणालो.

“बाजारात सांगतात की, इराकी सोनाराची आई खजुराच्या करंज्या करते, थेट बगदादच्या.” तो हसला, खाकरला. सर्दीचा खाकरा. “या तुम्ही. तुम्ही आलात की काम होईल.”

तो गेल्यावर मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आतल्या अंगाला जमिनीवर बसलो. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात हे मला ठाऊक आहे, ज्याला त्याला खजुराच्या करंज्या आवडतात हेही ठाऊक आहे. पण ‘तुम्ही या’. ‘तुम्ही आलात की काम होईल’. हे शब्द मी आधी ऐकले होते, एकेरीत. त्या एकोणिसाव्या फोनवर. दुपारची वेळ, बगदादच्या घराची मागची खोली, वीज गेलेली, बंद पंख्याखाली मी उभा, दार ढकललेलं पण कडी न लावलेली. दारापलीकडे सपातांचा बारीक आवाज येऊन थांबला होता. अठराव्या फोनपर्यंत त्यांनी जे मागितलं ते आम्ही दिलं होतं. अठराव्या फोनवर त्या आवाजाने झहरूनचं नदीवरचं नाव घेतलं होतं, बुडी मारताना पुजारी घेतो ते, आईच्या नावाने सुरू होणारं, जे आम्ही बाहेरच्याला कधीही सांगत नाही. ते नाव त्या तोंडून ऐकलं तेव्हाच मला कळलं होतं की झहरूनजवळ आता लपवायला काही उरलेलं नाही. एकोणिसाव्या फोनचं मी घरात कुणाला बोललो नाही. त्यानंतर फोनच आला नाही, एवढंच आईला सांगितलं. भाऊ आलाच नाही, ना जिवंत, ना पुरायला. आम्ही दोघं इकडे आलो, आणि इथल्या रीतीप्रमाणे शेजारणी आईला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारू लागल्या, उम झहरून, झहरूनची आई. दिवसातून दहा वेळा. भाजीवालासुद्धा. उम झहरून, आज काकडी ताजी आहे. ती दर वेळी मान जराशी खाली घालते आणि मग काकडी निवडते.

चौकशीला माणूस पुढच्या सोमवारी येणार हे मला ठाऊक असतं तर मी घरी थांबलो असतो. गुरुवारी दुपारी मी सगळे कागद खिडकीवर नेऊन दिले तेव्हा कारकून म्हणाला होता, दोन-तीन आठवडे. तो चौथ्या दिवशीच आला, सकाळी, मी दुकानात असताना. दुपारी जेवायला घरी गेलो तर जिन्यातच खालचा शेजारी भेटला. “काय रे, आता तूही आमच्यासारखा गच्चीवरून मुबारक देणार वाटतं! शिपाई विचारून गेला, माणूस कसा आहे. मी म्हणालो, मेंढरू आहे मेंढरू.” मी हसलो. दोन मजले चढेपर्यंत तेच हसू तोंडावर राहिलं होतं, ते दारात काढून ठेवावं लागलं.

आई जेवणाच्या टेबलाशी बसली होती. जेवण वाढलेलं नव्हतं. दोन छोटे ग्लास, चहा, तळाला साखर, आमच्या बगदादेतल्यासारखा काळाभोर. माझा तिने माझ्यापुढे सरकवला. स्वतःचा पुढ्यात ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. मी चहा प्यायलो, काहीतरी करायचं म्हणून. खालच्या रस्त्यावर गॅसच्या गाडीची ती रोजची सुरावट वाजत गेली. मी कारणं जुळवत होतो, बाजारात सगळ्यांकडे असतं, दुकानातच ठेवणार आहे, घरी आणणार नाही, तुला दिसणारही नाही. आणि तिने नको म्हटलं की काय करायचं हेही मी ठरवून ठेवलं होतं, म्हणजे ठरवलं होतं असं वाटत होतं.

“आई, चहा घे. गार होतोय.”

“होऊ दे,” आई म्हणाली. “मागणं मान्य झालं तर घेईन.”

चार महिन्यांपूर्वी शेजारच्या मुलीच्या साखरपुड्याला ती बायकांच्या खोलीतून दाराच्या फटीतून पुरुषांची कॉफी बघत होती, ते मला आठवलं. एवढी वर्षं इथे राहून मी जे शिकलो नव्हतो ते ती एका फटीतून शिकली होती.

“पिस्तुलाचं म्हणत असशील तर...”

“पिस्तुलाचं मी काही म्हणत नाहीये. ते तू आणि तुझ्या आजोबांचा आत्मा बघून घ्या.” तिने ग्लासला बोटही लावलं नव्हतं. “एकोणिसाव्या फोनवर तो काय म्हणाला, ते मला सांग.”

मी म्हणालो, अठरा होते. हे मी इतक्या सहज म्हणालो की मला माझीच लाज वाटली. चहावरची वाफ केव्हाच विरली होती. अबू मुफ्लिहचं हसणं आठवलं, आता यजमानाची अडचण. माझ्या घरात माझी आई पाहुणी होऊन बसली होती, आणि ती न पिता उठली असती तर मी त्या घरात पुन्हा कुठे बसलो असतो? भीती वाटली, हो, त्या माणसाच्या आवाजाची वाटते त्याहून जास्त वाटली.

“तो म्हणाला, तू ये.” मी पुन्हा म्हणालो. “तू ये, एकटा ये. तू आलास की काम होईल. तू आलास की याला सोडतो. मी म्हणालो, मला विचार करू द्या. तो म्हणाला, घाई नको, आम्हाला वेळच वेळ आहे. आणि मी फोन बंद केला, आई. मग त्यातलं सिमकार्ड काढून टाकलं. त्यांनी नंतर केला असेल. नसेलही. मला माहीत नाही. मी गेलो नाही.”

एवढंच होतं. सात वर्षं पोटात ठेवलेलं बोलायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. मी आईच्या तोंडाकडे बघायला घाबरत होतो म्हणून तिच्या ग्लासाकडे बघत होतो, आणि मला दिसलं की तिचा हात वर आला, ग्लास उचलला गेला, आणि ती तो गार चहा पिऊ लागली. घोट घोट, तळाच्या साखरेपर्यंत. मग तिने तोंड पुसलं.

“मी दाराशी होते,” आई म्हणाली.

“हो?”

“दाराशी होते. त्याचं ऐकू येत नव्हतं, तुझं येत होतं. तू ‘एकटा?’ म्हणालास ना, तेव्हा मला सगळं कळलं. आणि माझ्या तोंडून गेलं, जाऊ नकोस. मोठ्याने नाही. पण गेलं. माझा एक मुलगा तिकडे होता, आणि आई असून मी म्हणाले, जाऊ नकोस. तेव्हापासून कुणी उम झहरून म्हटलं की...” तिने वाक्य तिथेच सोडलं. ती माझ्याकडे अशी बघत होती की जणू परवान्याच्या खिडकीच्या अलीकडे तीच उभी आहे आणि शिक्का माझ्या हातात आहे. “सात वर्षं मला एकच विचारायचं होतं. तू ते ऐकलंस का? माझं ऐकून थांबलास का?”

ऐकलं होतं. सपातांचा आवाज, मग श्वास, मग ते दोन शब्द, दारातून, कानाशी म्हटल्यासारखे. त्या माणसाचा खाकरा मला सात वर्षांत कधी कधी ऐकू आला असेल, हे दोन शब्द रोज ऐकू येत होते. ते ऐकले नसते तर मी गेलो असतो का, हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलं आहे की आता उत्तराची वाटही बघत नाही. झहरून मागे न बघता म्हणाला असता, डोळे मिटू नकोस. मी डोळे उघडे ठेवले, आईच्या डोळ्यांत बघितलं.

“नाही,” मी म्हणालो. “काही ऐकलं नव्हतं.”

“खरं?”

“पंखा बंद होता, पण रस्त्यावर रणगाडा चालला होता. काहीच ऐकू आलं नाही.”

आईने रिकामा ग्लास बाजूला सारला. “मग भीती तुझीच होती,” ती हळूच म्हणाली.

“माझीच.”

तिने श्वास सोडला. इतका लांब श्वास तिने सोडलेला मी सात वर्षांत ऐकला नव्हता. ती उठली, भात गरम करायला ठेवला, मीठ कमी पडलं म्हणाली. मी खिशातून अर्जाची पोचपावती काढली आणि टेबलावर सरळ केली. तो सर्दीवाला पुन्हा येईल. बांगड्यांचं माप द्यायला येईल, किंवा दुसऱ्या कशाला येईल. ते मला अजूनही ठाऊक नव्हतं. पण मी गेलो नाही, हे आईला कधीही येऊन सांगू शकेल असा तो एकच माणूस होता, आणि आता त्याच्यापाशी सांगण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

“तो शिपाई पुन्हा येणार आहे का?” आईने आतून विचारलं. “मी त्याला बस म्हणाले, चहा घे म्हणाले, तर कामावर आहे म्हणून उभ्या उभ्याच गेला.”

“नाही येणार. उद्या खिडकीवर जाऊन अर्ज परत घेतो.”

“कारण विचारतील.”

“विचारू देत,” मी म्हणालो, आणि ताटं घ्यायला उठलो.